तुमचे प्रश्न : दवाखान्यात एचआयव्ही टेस्टचं विचारायचं तरी कसं?

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की आमच्या तालुक्यातल्या फॅमिली डॉक्टर आणि सिस्टर लोकांसाठी मी एचआयव्ही टेस्टचं ट्रेनिंग घेते आणि माझ्या मते ही टेस्ट पेशंटनं मागायची वाट न बघता डॉक्टरनं स्वतःहून विचारायला हवी. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही डॉक्टरांची, काही सिस्टरची, आणि काही अशा लोकांची ज्यांना कोणीतरी ही टेस्ट करायला सांगितलं आणि ते हादरले. पाच निवडली आहेत. नावं कोणाचीच देत नाही.

मॅडम, मी बीएएमएस आहे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात दवाखाना टाकून चार वर्षं झाली. तुम्ही म्हणता तसं पेशंटला एचआयव्हीचं विचारलं तर तो म्हणेल डॉक्टरनं माझ्यावर संशय घेतला आणि उद्यापासून समोरच्या दवाखान्यात जाईल. गाव लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. आणि समजा पॉझिटिव्ह आलाच तर पुढे काय बोलायचं हे आम्हाला कोणी शिकवलेलंच नाही.

डॉक्टर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण माझं पहिल्या दहा वर्षांतलं सगळं म्हणणं हेच होतं. तेव्हा आधी माझं सांगते आणि मग तुमचं.

२००९ ची गोष्ट. एक शाळामास्तर माझ्याकडे यायचे, चाळिशीतले, अतिशय नीटनेटके. पहिल्यांदा आले तेव्हा छातीवर नागीण उठली होती. मी औषध दिलं, बरे झाले. वर्षभरानं तोंडात पांढरा थर घेऊन आले, जेवताना आग होते म्हणाले, मी तोंडाला लावायचं औषध दिलं. मग वजन कमी झालं म्हणून आले, तेव्हा मी शुगर तपासली, थायरॉइड तपासलं, टेन्शन घेऊ नका म्हटलं. शेवटी खोकला आणि ताप महिनाभर राहिला तेव्हा थुंकी तपासायला पाठवलं, टीबी निघाली, आणि टीबीच्या प्रत्येक पेशंटची एचआयव्ही टेस्ट सरकारी केंद्रात करतात म्हणून तिथे ती झाली आणि पॉझिटिव्ह आली. सीडी फोर म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींचा आकडा, तो निरोगी माणसात साधारण पाचशेच्या वर असतो, त्यांचा पन्नाससुद्धा नव्हता. औषधं सुरू झाली पण उशीर झाला होता. ते गेले. नंतर त्यांच्या मिसेस एकदा दवाखान्यात आल्या आणि एवढंच म्हणाल्या, मॅडम तुम्हाला आधी कळलं नव्हतं का हो.

तीन वेळा ते माझ्यासमोर बसले होते. नागीण, तोंडातला थर, वजन, तिन्ही पुस्तकात लिहिलेल्या खुणा, मी परीक्षेला पाठ केलेल्या. मला माहीत नव्हतं असं नाही, मला विचारायची लाज वाटली. मास्तरांना कसं विचारायचं, हाच तुमचा प्रश्न माझ्याही मनात होता. म्हणून मी ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ सुई टोचण्यावर घालवत नाही, बोटाला टोचून रॅपिड किटवर थेंब टाकायला आमच्या एएनएम ताई, म्हणजे गावातल्या सरकारी नर्स, अर्ध्या तासात शिकतात. वेळ जातो तो वाक्यावर. एक वाक्य. ते तोंडात बसायला हवं.

मी म्हणते ते असं : ‘नागीण झाली की मी शुगर आणि एचआयव्ही दोन्ही बघते, सगळ्यांचं बघते. तुमची हरकत नसेल तर आज दोन्हीला ब्लड घेऊ. रिपोर्ट मी फक्त तुम्हाला सांगणार.’ बास. यात तुम्ही कसे वागता, कुठे जाता, असं काही नाही. कारण मी पेशंटच्या चारित्र्याबद्दल बोलतच नाहीये, मी नागिणीबद्दल बोलतेय. आणि ‘सगळ्यांचं बघते’ हे खरं पाहिजे बरं का, नुसतं म्हणायला नको. तुम्ही फक्त ट्रक ड्रायव्हरला विचारलं आणि सरपंचाच्या भावाला नाही, तर गावाला आठ दिवसांत कळतं आणि मग ज्याला विचाराल त्याला तो शिक्काच वाटणार. सगळ्यांना विचारलं तर शिक्का कोणावरच बसत नाही.

ट्रेनिंगला आम्ही डॉक्टरांच्या जोड्या लावतो, एक पेशंट, एक डॉक्टर. पहिल्या फेरीत निम्म्या लोकांचा आवाज ‘एचआयव्ही’ शब्दापाशी खाली जातो, काही जण तर तो शब्द टाळून ‘ती टेस्ट’ म्हणतात. आता विचार करा, डॉक्टरच कुजबुजायला लागला तर पेशंटला काय वाटणार. तो शब्द बीपी म्हणतो त्याच आवाजात यायला हवा. पाच सहा फेऱ्या झाल्या की येतो, मी बघितलंय, पन्नाशीच्या डॉक्टरांच्याही तोंडात बसतो.

दुसरी अडचण आपल्याकडची खास आहे. पेशंट एकटा येतच नाही! नवरा, सासू, मोठा भाऊ, कधी कधी शेजारी, सगळे आत. त्यांच्यासमोर हा विषय काढायचाच नाही. मी एक सवय लावून घेतली की प्रत्येक पेशंटला वजन आणि बीपी घ्यायला सिस्टर पडद्याआड एकटं नेतात, कोणी असो. टेस्टचं तिथेच विचारलं जातं. म्हणून म्हणते, नुसत्या डॉक्टरला ट्रेनिंग देऊन भागत नाही, माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त टेस्ट सिस्टरनी विचारल्यामुळे झालेल्या आहेत, बायका तर त्यांच्याशीच मोकळं बोलतात. कंपाउंडरला सुद्धा बसवा ट्रेनिंगला, बाहेरच्या बाकावर काय बोलायचं नाही हे त्याला कळायला हवं.

आणि विचारायचं कोणाला, तर फक्त मास्तरांसारखी लक्षणं असतील त्यालाच असं नाही, पण सुरुवात तिथून करा. नागीण, विशेषतः तरुण माणसाला. तोंडात पांढरा थर. महिनाभराचे जुलाब. कारण न सापडणारा ताप किंवा वजन उतरणं. मानेत, काखेत गाठी. गुप्तरोग कुठलाही. टीबी आणि गरोदर बाई यांची टेस्ट सरकारी कार्यक्रमात होतेच पण तुमच्याकडून खासगीत गेलेल्यांची झाली का ते बघा.

राहिला तुमचा सगळ्यात खरा प्रश्न, पॉझिटिव्ह आल्यावर बोलायचं काय. आधी एक गोष्ट पक्की करा, तुमच्या दवाखान्यातली एक रॅपिड टेस्ट रिअॅक्टिव्ह आली म्हणजे माणूस पॉझिटिव्ह झाला असं नाही, तसं तुम्ही सांगायचंही नाही. आयसीटीसी म्हणजे सरकारी तपासणी आणि समुपदेशन केंद्रात तीन वेगवेगळ्या किटवर बघतात आणि मगच पॉझिटिव्ह म्हणतात. तुम्ही म्हणायचं, ‘पहिल्या टेस्टमध्ये काहीतरी दिसतंय, पक्कं करायला दुसरी लागते, ती फुकट होते, मी तिथल्या काउन्सेलरशी बोलून ठेवतो, उद्या सकाळी तुम्ही जा.’ नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नका. चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस एसटी स्टँडवरून परत घरी जातो. फोन करा, नाव वेळ ठरवा, संध्याकाळी विचारा गेला होता का.

आणि पक्कं झालं तर आधी थोडं गप्प बसा. त्याला रडू द्या. मग तीन गोष्टी, यापेक्षा जास्त त्या दिवशी त्याच्या डोक्यात शिरत नाहीत. औषध आहे. ते सरकारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीचं औषध देणाऱ्या केंद्रात, फुकट मिळतं, बहुतेकांना दिवसाला एक गोळी. आणि वेळेवर घेतलं तर माणूस इतरांसारखं आयुष्य जगतो. २००४ साली सरकारनं फुकट औषध सुरू केलं तेव्हा सीडी फोर खाली येईपर्यंत थांबायला लागायचं, २०१७ पासून तसं काही नाही, आकडा कितीही असो, टेस्ट पॉझिटिव्ह आली की उपचार सुरू. म्हणजे लवकर शोधण्याला आज जो अर्थ आहे तो माझ्या सुरुवातीच्या वर्षांत नव्हता.

दवाखाना बदलतील का? एखादा बदलेल. माझेही दोघे तिघे गेले असतील. पण नाही म्हणणारे बहुतेक लोक नुसतं ‘आज नको’ म्हणतात आणि पुढच्या वेळी करतात. तेव्हा नाही म्हटलं की ‘बरं, मनात आलं की सांगा’ एवढंच म्हणा, तोंड वाकडं करू नका.

डॉक्टरताई, मी ठाण्याला असते. मुलगा नोकरीसाठी लंडनला गेला, तिथल्या डॉक्टरकडे नाव नोंदवायला गेला तर त्याला एचआयव्हीची टेस्ट करून घेणार का विचारलं. त्यानं हसत हसत सांगितलं पण मला रात्रभर झोप नाही. आपण भारतीय म्हणून विचारलं का? का त्याच्यात काही दिसलं त्यांना?

ताई, शांत झोपा. नवीन नाव नोंदवणाऱ्याला तिथे असं विचारणं ही पद्धत आहे. ब्रिटनमध्ये २००८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिलं गेलं की ज्या भागात हजारी दोनपेक्षा जास्त लोकांना एचआयव्ही आहे तिथे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला टेस्टचं विचारावं, आणि लंडनचे बरेच भाग त्यात बसतात. गोरा असो, काळा असो, आपला ठाण्याचा असो.

तुमच्या निमित्तानं मला एक गोष्ट सांगायचीच होती. पूर्व लंडनमध्ये हॅकनी म्हणून भाग आहे, तिथे २०१० ते २०१२ मध्ये चाळीस दवाखान्यांत एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या दवाखान्यांत जाऊन डॉक्टर आणि नर्सेसना ट्रेनिंग दिलं, बोटाला टोचून होणारी टेस्ट नवीन पेशंटला कशी विचारायची ते, आणि निम्मे दवाखाने नेहमीसारखे चालू ठेवले. ट्रेनिंग मिळालेल्या दवाखान्यांत एचआयव्ही सापडण्याचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या साधारण चौपट निघालं, आणि सापडलेले लोकही सरासरी लवकरच्या टप्प्यावरचे होते. भाग तोच, पेशंट त्याच वस्तीतले. बदललं काय तर विचारणारी माणसं शिकली. मी हे उदाहरण आमच्या डॉक्टरांना सांगते तेव्हा ते म्हणतात मॅडम ते लंडन आहे, आपल्याकडे एका सकाळी ऐंशी पेशंट असतात. खरं आहे. पण वरचं वाक्य म्हणायला पंधरा सेकंद लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय.

तिथे आता त्याच्याही पुढे गेलेत, २०२२ पासून लंडन आणि आणखी काही शहरांतल्या इमर्जन्सी विभागांत कुठल्याही कारणानं ब्लड घेतलं तर एचआयव्ही पण बघतात, नको असेल तर पेशंटनं सांगायचं. मुलाला सांगा करून घे. आणि ताई, तुम्हीही एकदा करून घ्या, मी घरातल्या सगळ्यांची केलीय.

मॅडम, मी एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. तुम्ही टेस्ट वाढवा म्हणता, पण आमच्याकडे पॉझिटिव्ह आला की फाइलवर लाल स्टिकर लागतं, ऑपरेशन शेवटी ढकलतात, आया लोक चादर उचलत नाहीत. मग मी कुठल्या तोंडानं पेशंटला टेस्ट करा म्हणू? आणि खरं सांगते, मला स्वतःला पण भीती वाटते. मागच्या वर्षी सुई लागली होती, कोणाला सांगितलं नाही, तीन महिने घरात कोणाशी नीट बोलले नाही.

सिस्टर, तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीनं मला खूप त्रास झाला. तीन महिने एकट्यानं काढले तुम्ही. तेव्हा आधी सुईचं.

सुई लागली की जागा साबण पाण्यानं धुवायची. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. आणि लगेच, त्याच तासात, सांगायचं. पीईपी नावाची, लागण होऊ नये म्हणून घ्यायची औषधं असतात, ती जितक्या लवकर तितकी चांगली, शक्यतो दोन तासांत, बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग नाही, आणि अठ्ठावीस दिवस पूर्ण घ्यायची. तुमची स्वतःची टेस्ट त्याच दिवशी आणि नंतर ठरलेल्या वेळी. पॉझिटिव्ह पेशंटची सुई लागली तरी लागण होण्याची शक्यता हजारात तीन एवढी आहे, आणि पेशंट नीट औषधावर असेल तर त्याहूनही खूप कमी. हेपॅटायटिस बी ची शक्यता याच्या कितीतरी पट जास्त असते, त्याची लस तुम्ही घेतलीय ना? नसेल तर हे वाचून झाल्यावर आधी ते काम करा.

आता लाल स्टिकर. त्यानं तुमचं रक्षण होत नाही, उलट होतं. ज्याच्या फाइलवर स्टिकर नाही तो निगेटिव्ह आहे असं धरून सगळे हातमोजे न घालता सुया हाताळतात, आणि ज्याची टेस्टच झालेली नाही किंवा जो विंडो पिरियडमध्ये, म्हणजे लागण झाली पण टेस्टमध्ये अजून दिसत नाही अशा काळात, आहे तो त्यांच्यातच असतो. काळजी सगळ्यांच्या बाबतीत सारखी घ्यायची, सुईला परत टोपण लावायचं नाही, ती तिथल्या तिथे डब्यात टाकायची. चादर उचलून एचआयव्ही होत नाही, रक्त लागलेली असेल तर हातमोजे घाला, कोणाच्याही चादरीला घालता तसेच.

आणि कायदा तुमच्या बाजूनं आहे हे तुमच्या मॅनेजमेंटला माहीत नसेल. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू झाला सप्टेंबर २०१८ मध्ये. त्यात पेशंटशी भेदभाव करायला मनाई आहे, त्याची माहिती त्याच्या परवानगीशिवाय फोडायला मनाई आहे, आणि हॉस्पिटलनं स्टाफला सुरक्षेची साधनं, ट्रेनिंग आणि लागेल तेव्हा पीईपी द्यायलाच हवं असंही आहे. वीस किंवा जास्त माणसं काम करत असतील अशा आरोग्यसंस्थेत तक्रार ऐकणारा अधिकारी नेमायचा असतो. तुमच्याकडे कोण आहे ते विचारा, लेखी विचारा, दोघी तिघी मिळून विचारा.

तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे, अशा ठिकाणी पेशंटला टेस्ट करा म्हणायचं कोणत्या तोंडानं. माझं स्पष्ट मत आहे की टेस्ट वाढवायचं ट्रेनिंग आणि पेशंटला नीट वागवायचं ट्रेनिंग ही एकाच दिवशी, एकाच खोलीत व्हायला हवीत, पहिलं करून दुसरं टाळलं तर आपण माणसं शोधून काढून त्यांना छळायला देतोय. आमच्या ट्रेनिंगला एचआयव्हीसोबत वीस वर्षं जगणाऱ्या एक बाई येऊन बोलतात, त्या फक्त एवढं सांगतात की रिपोर्ट आला त्या दिवशी कोणत्या सिस्टरनं पाणी दिलं आणि कोण लांब उभं राहिलं. नंतर आया मावशी स्वतः येऊन त्यांच्या हातचा चहा घेतात.

अजून एक सांगा तुमच्या सहकाऱ्यांना. २०११ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष आला, नऊ देशांतली जोडपी त्यात होती, आपल्या पुण्याची आणि चेन्नईची पण, दोघांपैकी एकाला एचआयव्ही असलेली. ज्याला आहे त्याला लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला लागण होणं ९६ टक्क्यांनी कमी झालं. पुढच्या अभ्यासांनी तर हेही दाखवलं की औषधानं रक्तातला व्हायरस सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून तो पसरत नाही. म्हणजे ज्याची टेस्ट झाली आणि जो औषधावर आहे त्याला आपण घाबरतो, आणि धोका असतो तो ज्याची झालीच नाही त्याच्याकडून.

गर्भाशयाच्या ऑपरेशनच्या आधी माझी एचआयव्ही टेस्ट केली, मला न सांगता. बिलात दिसलं तेव्हा कळलं. निगेटिव्ह होती. नवरा म्हणतो निगेटिव्ह आहे ना मग विषय संपला. मला मात्र फार अपमान वाटला. माझं चुकतंय का? (नाशिक)

नाही, तुमचं काही चुकत नाही. न विचारता करणं चूकच, आणि कायद्यातही तसंच आहे, टेस्टचं काय, कशासाठी, हे तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगून तुमची संमती घ्यायला हवी होती. भरती होताना पाच कागदांवर सह्या घेतल्या त्यात कुठेतरी एक ओळ होती, याला मी संमती म्हणत नाही. हॉस्पिटलला पत्र लिहा.

फक्त एक विनंती. राग न विचारण्याचा असू द्या, टेस्टचा नको. कारण तुमच्यासारख्या घरच्या बाईला विचारायचं कशाला, असं समजूनच आपल्याकडे हजारो घरच्या बायकांना फार उशिरा कळलं, नवरा गेल्यावर कळलं. महाराष्ट्रात २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार जवळजवळ चार लाख लोक एचआयव्हीसोबत जगतायत, देशात सगळ्यात जास्त आपल्याकडे, आणि त्यात बायका खूप आहेत. पुढच्या वेळी कोणी सिस्टर तुम्हाला नीट, शांतपणे, पडद्याआड विचारेल तर तिला हो म्हणा.

मॅम छोटा प्रश्न, दीड महिन्यापूर्वी चूक झाली, आता टेस्ट केली तर खरं कळेल का? आणि पुण्यात कुठे करू, फॅमिली डॉक्टर वडिलांचे मित्र आहेत.

आता कर, आणि सहा आठवड्यांनी परत कर. लॅबमधल्या नव्या पद्धतीच्या टेस्टला दीड महिन्यात बहुतेक कळतं, बोटाच्या रॅपिड टेस्टला तीन महिने धरायचे. दोन्हीच्या मधल्या काळात कंडोम वापर आणि रक्तदान करू नकोस. कुठल्याही मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आयसीटीसी आहे, फुकट आहे. पत्ता नाही सापडला तर १०९७ ला फोन कर, तोही फुकट आहे आणि ते नाव विचारत बसत नाहीत. पुन्हा कधी असं झालं तर दीड महिना थांबू नकोस, बहात्तर तासांच्या आत हॉस्पिटलला जा आणि पीईपी मिळेल का विचार.

आणि वडिलांच्या मित्रांचं म्हणशील तर त्यांनाही कायद्यानं तुझी गोष्ट वडिलांना सांगता येत नाही. पण तुला तिथे जायला नको वाटतं हे मला समजतं. तुझ्या वयाच्या मुलांना आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जाता येत नाही याचं कारण आम्ही डॉक्टर आहोत, त्या ट्रेनिंगमध्ये मी हा मुद्दा अजून घेतलेला नाही. पुढच्या महिन्यातल्या बॅचला घेते.